जबाबदारी आईची, सही बापाची

रात्री-अपरात्री आजारी मूल कडेवर घेऊन दवाखान्यात आलेल्या बाईला तिथे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, 'इतका वेळ काय करत होतीस?' दुसरा, 'याचे वडील कुठे आहेत?' जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मी दहा वर्षं काम करते आहे. एवढ्या काळात डॉक्टर बदलले, सिस्टर बदलल्या, इमारतींना नवे रंग लागले. दवाखाना सरकारी असो की खाजगी, हे दोन प्रश्न मात्र बदलले नाहीत.

सुटे सुटे ऐकले तर दोन्ही प्रश्न साधे वाटतात, काळजीपोटी विचारल्यासारखे. पण ते शेजारी ठेवून पाहा. पहिला प्रश्न सांगतो की मुलाचं जे झालं त्याला तू जबाबदार आहेस. दुसरा सांगतो की आता पुढे काय करायचं ते ठरवण्याचा अधिकार तुला नाही. एकाच टेबलापाशी, पाच मिनिटांच्या आत, एका बाईच्या पदरात सगळा दोष टाकला जातो आणि सगळा अधिकार काढून घेतला जातो. पितृसत्ता म्हणजे काय हे आम्हाला एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात दोन सत्रं शिकवत होते. मैत्रिणींनो, ते कॅज्युअल्टीच्या बाकावर अर्धा तास बसलं तरी कळतं.

हा केवळ बोलण्या-वागण्याचा मुद्दा असता तर त्यावर लेख लिहिला नसता. माझं म्हणणं असं आहे की या दोन प्रश्नांमुळे मुलं दगावतात. कसं, ते सांगते.

उशीर नेमका कुठे होतो?

आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडे, डोंगराच्या कुशीत महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या आहेत. जुन्नरच्या पश्चिमेला घाटघर, नाणेघाटाच्या बाजूलाही तसंच. अशा वाडीत रात्री अकराला वर्षाच्या मुलाला ताप चढला आणि झटके आले, तर घड्याळ लावून बघू या.

घरात पहिल्यांदा सासूला विचारावं लागतं. कांदा हुंगवतात, अंगारा लावतात. नवरा मुंबईला हमालीला किंवा नारायणगावच्या टोमॅटो बाजारात असतो, त्याला फोन लावायचा, पण रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं. पैसे कुणाकडे आहेत ते बघायचं. ज्याच्याकडे जीप आहे त्याला उठवायचं, तो डिझेलचे पैसे आधी मागतो. १०८ नंबरची फुकट गाडी महाराष्ट्रात २०१४ सालापासून आहे, सुरुवातीलाच राज्यभर ९३७ गाड्या आल्या, आणि त्या सेवेने पुष्कळ जीव वाचवले हेही खरं. पण तो नंबर लावायलाही रेंज लागते, आणि पावसाळ्यात दरड आली की गाडी अलीकडेच थांबते. तिथपर्यंत मूल खांद्यावर.

मग प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथून घोडेगाव नाहीतर जुन्नरचं ग्रामीण रुग्णालय. तिथून मंचरचं उपजिल्हा रुग्णालय. तिथून 'पुण्याला न्या.' मंचरहून पुणे साठेक किलोमीटर, जुन्नरहून नव्वदच्या पुढे, आणि मध्ये चाकणच्या चौकातली कोंडी. केंद्र सरकारच्याच २०२१-२२च्या ग्रामीण आरोग्याच्या आकडेवारीनुसार देशातल्या ग्रामीण रुग्णालयांत, म्हणजे जिथे बालरोगतज्ज्ञ असायला हवा त्या पातळीवर, विशेषज्ञांची तूट सुमारे ८० टक्के होती. म्हणजे दर पाच खुर्च्यांपैकी चार रिकाम्या. रिकामी खुर्ची मुलावर उपचार करत नाही, ती चिठ्ठी लिहून पुढे पाठवते.

थॅडियस आणि मेन या दोन अमेरिकी अभ्यासक बायांनी १९९४ साली बाळंतपणातल्या मृत्यूंविषयी एक मांडणी केली, ती आता जगभर शिकवतात. त्या म्हणाल्या, उशीर तीन असतात. जायचं की नाही हे घरात ठरायला होणारा उशीर, पोचायला होणारा उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळायला होणारा उशीर. वर लावलेलं घड्याळ या तीन खणांत वाटून पाहा. पहिला उशीर घराचा आणि घरातल्या सत्तेचा, दुसरा सडकेचा, तिसरा सरकारचा. यातला आईचा स्वतःचा उशीर किती मिनिटांचा? ती तर पहिल्या झटक्यालाच दाराकडे धावलेली असते. पण दवाखान्यात हजर असते ती एकटीच. सासू घरी, नवरा मुंबईला, सडक बांधणारा ठेकेदार त्याच्या बंगल्यात, रिकाम्या जागा न भरणारं खातं मंत्रालयात. सगळ्यांच्या वाटची बोलणी ती एकटी खाते.

पहिल्या खेपेचा धडा

मूल घेऊन दवाखान्यात पळत जाण्याची पहिली वेळ कुठल्याही आईला विसरता येत नाही. तोवर तिने तो दवाखाना बाळंतपणात पाहिलेला असतो, तोही आडवा पडून. रात्रीचं कुठलं दार उघडं असतं, केसपेपर आधी की डॉक्टर आधी, मूल टेबलावर ठेवायचं की कडेवरच धरायचं, तिला काही माहीत नसतं. आणि अशा वेळी जे शिकवलं जातं ते पक्कं बसतं.

मलाही तो धडा मिळाला आहे. माझी मुलगी चौदा महिन्यांची असताना तिला तापात झटके आले. मी शिकलेली, पगारी नोकरी असलेली बाई. तापातले झटके सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत येऊ शकतात, बहुतेक वेळा काही मिनिटांत थांबतात, मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, पाच मिनिटांच्या वर गेले तर धावायचं, हे सगळं मी गावोगावच्या बैठकांत सांगत आले आहे. मी घड्याळ पाहिलं, तिला कुशीवर वळवलं आणि निघाले. दवाखान्याचं नाव सांगत नाही, कारण ते कुठलंही असू शकलं असतं. टेबलापाशी किती मिनिटं झटका होता, किती वाजता सुरू झाला, हे मी सांगू लागले तेव्हा समोरच्याने हात वर करून थांबवलं आणि विचारलं, 'मिस्टर कुठे आहेत?' नवरा कामासाठी नाशिकला होता. 'मग फोन लावून द्या.' फोनवर त्याला मुलीचं वजन विचारलं. त्याला ते माहीत नव्हतं. त्याने मला विचारलं, मी सांगितलं, त्याने ते फोनवरून टेबलापलीकडे सांगितलं, आणि मग ते केसपेपरवर लिहिलं गेलं.

मला याचा राग आला आणि मी तो बोलून दाखवला. माझ्याकडे बोलण्याची सवय होती, शब्द होते, कुणी बाहेर काढणार नाही अशी खात्री होती. ज्या बाईकडे यातलं काही नसतं ती काय करते?

ती शिकते. एका वाडीतल्या बाईची गोष्ट सांगते, ओळख पटेल असं काही सांगत नाही. तिच्या थोरल्याला पहिल्यांदा दवाखान्यात नेलं तेव्हा ती एकटीच गेली होती. तिला सगळ्यांदेखत ऐकवलं गेलं, कागदावर सही करायला माणूस घेऊन ये म्हणून बाहेर बसवलं गेलं. मूल बरं झालं. दोन वर्षांनी धाकट्याची छाती भरली. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात होत्या. तिने ते ओळखलं होतं, आशाताईंनी तिला शिकवलंच होतं. पण ती निघाली नाही. नवरा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने येणार होता, त्याची वाट बघत राहिली. का, असं मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, 'तिथं बाप लागतो ना ताई. एकटीला उभं करत नाहीत.' सकाळची एसटी आली तेव्हा मूल राहिलं नव्हतं.

आता मला सांगा, 'इतका वेळ काय करत होतीस?' या प्रश्नाचं उत्तर तिने काय द्यायचं? ती तुमच्याच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आणायला थांबली होती. पहिल्या खेपेला रागावून आपण बाईला शहाणं करतो अशी समजूत आहे. प्रत्यक्षात आपण तिला पुढच्या खेपेला उशीर करायला शिकवतो.

कायदा काय म्हणतो?

सही बापाचीच लागते, असा कायदा आहे असं ठासून सांगितलं जातं. म्हणून कायदा नीट पाहू.

१९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात मुलाचा नैसर्गिक पालक वडील, 'आणि त्यांच्यानंतर' आई, असं लिहिलं आहे. पाच वर्षांखालचं मूल मात्र सर्वसाधारणपणे आईच्या ताब्यात असावं, असंही त्याच कलमात आहे. म्हणजे सांभाळायचं तिने, पालक म्हणवायचं त्याने! या 'नंतर'वर लेखिका गीता हरिहरन लढल्या. १९८४ साली रिझर्व्ह बँकेने मुलाच्या नावच्या रोख्यांसाठी त्यांची पालक म्हणून सही नाकारली होती. १७ फेब्रुवारी १९९९ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 'नंतर' याचा अर्थ बाप मेल्यावर असा नाही. बाप हजर नसेल, मुलाकडे पाहत नसेल, तर आईच पालक. आणि अनुसूचित जमातींना तर हा १९५६चा कायदा मुळात लागूच होत नाही. तरी महादेव कोळी आणि ठाकर बाईला तो ऐकवला जातो.

उपचाराच्या संमतीचं तर आणखी सरळ आहे. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी काही करायचं असेल तर पालकाची किंवा ज्याच्या कायदेशीर ताब्यात ते मूल आहे त्या व्यक्तीची संमती पुरते. जुन्या दंडविधानात हे ८९ कलमात होतं, १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते २७ कलमात आहे. आणि जिवावर बेतलं असेल, संमती द्यायला वेळेवर कुणीच नसेल, तर डॉक्टरने सद्भावनेने केलेल्या उपचाराला ३० कलमाचं संरक्षण आहे. मूल कडेवर घेऊन उभी असलेली आई यात कुठे कमी पडते?

१९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, जीव वाचवणं आधी, कागद नंतर. १९९६ साली पश्चिम बंगालमधल्या हकीम शेख या मजुराच्या खटल्यात सांगितलं की खाट नाही, पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही, वेळेवर उपचार हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. महाराष्ट्रात २०२१च्या शुश्रूषागृह नियमांनी खाजगी दवाखान्यांना रुग्णहक्कांची सनद आणि दर भिंतीवर लावणं बंधनकारक केलं. १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं. ससून वैद्यकीय शिक्षण खात्याकडे असल्याने हा निर्णय तिथल्यासाठी नव्हता, पण वाडीतल्या किती बायांना हा फरक कुणी सांगितला? त्या खिशात पैसे जमेपर्यंत घरीच थांबतात.

जिजाऊंच्या तालुक्यात

जुन्नर हा जिजाऊंचा तालुका. दर वर्षी १९ फेब्रुवारीला शिवनेरीवर पाळणा हलतो, मंत्री येतात, मातृत्वाचे गोडवे गातात. इतिहास आपण शाळेत शिकलो आहोत. १६३० साली जिजाऊ बाळंत झाल्या तेव्हा शहाजीराजे मोहिमेवर होते. धामधुमीच्या काळात, गडावर, त्या एकट्या आईने मुलाला सांभाळलं, याचा आपण अभिमान बाळगतो. त्याच गडाच्या पायथ्याशी आज एकटी आई मुलाला घेऊन आली की आपण विचारतो, बाप कुठे आहे!

त्याहून मागे जा. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. नवऱ्यामागे लहान मुलांच्या वतीने तिने राज्य चालवलं असं अनेक अभ्यासक मानतात. त्याच घराण्यात पुढे राजे स्वतःला गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणवू लागले. ज्या घाटात राणीचं नाव दगडात कोरलं आहे, त्या घाटातल्या बाईची सही केसपेपरवर चालत नाही. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लावायचं ठरवलं. चांगलं केलं. पण नाव छापून अधिकार मिळत नाही. कागदावर आई आधी आणि टेबलापाशी आई नंतर, असं चालणार नाही.

'डॉक्टरांचीही बाजू आहे'

हे लिहिताना मला समोरचे चेहरे दिसत आहेत. रात्रपाळीला एकटी सिस्टर असते, तीही बाईच, तिचंही मूल घरी. डॉक्टरांवर हात उगारले जातात. २०१० साली त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. उद्या मुलाचं बरंवाईट झालं तर घरातले पुरुष येऊन जाब विचारतील, म्हणून आधीच पुरुषाची सही, हे त्यांचं गणित मला कळतं. पण म्हणजे काय, तर पुरुषांच्या दांडगाईची किंमत बाईने आणि तिच्या मुलाने मोजायची. दांडगाईला कायदा आहे, पोलीस आहेत. आईला बाहेर बसवणं हा त्यावरचा उपाय नाही. आणि बाप मूल घेऊन आला तर त्याला 'याची आई कुठे आहे, तिची सही आण' असं विचारलेलं मी एकदाही ऐकलेलं नाही. उलट सगळे म्हणतात, 'बघा, किती काळजी आहे पोराची!'

वेगळं वागता येतं, हेही याच भागात दिसलं आहे. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत गेली कित्येक वर्षं सर्पदंशावर काम करत आहेत. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या मुलाला चावते, दुखत नाही, सूज नाही, पहाटे मूल नुसतं पोट दुखतंय म्हणतं आणि पापण्या मिटू लागतात. उशीर झाला म्हणून आईला झापून यातलं काही कळत नाही. गावोगाव जाऊन लक्षणं समजावली, तर लोक मांत्रिकाकडे न जाता लवकर दवाखान्यात येतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तर गावातल्याच माणसांना श्वास मोजायला शिकवून न्यूमोनियावर उपचार करवले, बालमृत्यू कमी झाल्याचं १९९० साली जगापुढे मांडलं. त्याची पहिली पायरी कोणती होती? मुलाच्या आजाराबद्दल आई जे सांगते ते खरं असतं, हे मानणं.

आपण काय मागायचं?

एक. मुलाच्या केसपेपरवर आणि संमतीपत्रावर आईची सही पूर्ण धरली जाते, अशी पाटी प्रत्येक कॅज्युअल्टीत मोठ्या अक्षरांत लागली पाहिजे. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत हा ठराव मांडायला आपल्या गटातल्या बाया गेल्या पाहिजेत.

दोन. उशीर मोजायचाच असेल तर नीट मोजा. लक्षण किती वाजता दिसलं, घरातून कधी निघाली, गाडी कधी मिळाली, कुठे कुठे पाठवलं, डॉक्टरने कधी पाहिलं, हे केसपेपरवर लिहा. दर तीन महिन्यांनी ते आकडे ग्रामसभेपुढे ठेवा. मग कळेल कुणी किती वेळ घालवला.

तीन. गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजारांपर्यंत मुक्त निधी असतो. रात्रीच्या गाडीसाठी त्यातले पैसे गावातच, आशाताईंच्या हाती राहिले पाहिजेत, कुणाच्या परवानगीची वाट न बघता.

चार. वॉर्डात रात्री 'फक्त आई थांबेल' हा नियम बदला. ती उपाशी, मजुरी बुडालेली, घरी दुसरं मूल ठेवून आलेली. सही बापाची हवी असेल तर रात्रही बापाने जागवावी.

हे फार मोठं मागणं नाही. ३० जुलै २०१४ला माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. बाहेरच्या जगाला ते कळलं एका एसटी चालकामुळे. त्या दिवशी याच सडकेवरून मंत्री आले, यंत्रं आली, रुग्णवाहिका रांगेने आल्या. एकदम दीडशे गेले की सडक सापडते. एक एक करून, वेगवेगळ्या वाड्यांत, वेगवेगळ्या रात्री मुलं गेली की ती सापडत नाही. उलट आईलाच विचारलं जातं, तू काय करत होतीस?

म्हणून यापुढे आपल्यातली कुणी दवाखान्यात बाईबरोबर गेली आणि टेबलापलीकडून तो पहिला प्रश्न आला, तर शांतपणे सांगायचं, 'उशीर कुठे कुठे झाला ते लिहून घ्या, आम्ही सांगतो.' आणि दुसरा आला तर, 'आई इथे आहे. कागद तिच्यापुढे ठेवा.' सही येत नसेल तर अंगठा चालतो. तोही तिचाच.